बाबांचा मान कुणाला

ऑकलंड
१९ फेब्रुवारी २०१७

आकेनेसेताई,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. माझा फोन लागत नाही म्हणून तू काकांच्या पोरांना पिडत असशील, म्हणून लिहितोय. मला नवीन काम लागलंय. शहराबाहेर मोठी जागा आहे, राहायचं-जेवायचं तिथेच. पहाटे पाचला उठवतात, रविवारी गाडीने चर्चला नेतात आणि परत आणतात. एकच कटकट आहे, पहिले काही महिने फोन काढून घेतात. कामात लक्ष राहावं म्हणून. तेव्हा आता आपण कागदावर बोलू.

तुझी भावजय तेपोरा बरी आहे. ब्रिस्बेनला बहिणीकडे गेलीय, जरा हवापालट म्हणून. माझ्या दोस्ताचा, सेमिसीचा पाय मोडल्याचं तुमच्यापर्यंत आलंच असेल. त्याचं गाव मालेउता, आपल्यापासून असं कितीसं लांब! कामावर घसरला बिचारा.

बाबा गेल्यावर त्यांचा मताईचा मान मला द्यायचा असं घराण्याने सप्टेंबरात ठरवलं, तेव्हापासून मी तोच विचार करतोय. अख्ख्या घराण्याचा प्रमुख, आणि तो मी! येत्या डिसेंबरात समारंभ, सगळा गाव जमणार, आणि मी तू विणलेली चटई कमरेला गुंडाळून बसणार. कुठवर आली ती? बाबांच्या आजारपणात मी पाहिली होती तेव्हा अर्धी झाली होती. आता काठावर आली असेल.

आणि हो, फोन काढून घेतल्याचं औकुसोकाकांना बोलू नकोस. त्यांना उगाच शंका येतात.

तुझा
पेसामिनो

*

वाइतोआ, सवाई बेट
२० मार्च २०१७

पेसामिनो,

पत्र मिळालं. पोस्टातल्या बाईने ते माझ्या हातात द्यायच्या आधी रांगेतल्या सगळ्यांना दाखवलं.

ही कसली कंपनी रे? पाचला उठवते, वेळेवर जेवू घालते, फोन काढून घेते आणि रविवारी चर्चला नेऊन आणते. मी पाळकांना विचारलं. ते म्हणाले, अशी एकच जागा मला माहीत आहे, पाळक होण्याची शाळा. माझा भाऊ पाळक व्हायला गेला या कल्पनेने मी दोन दिवस हसतेय. शिकून झालं की आमच्याकडेच ये, इथल्यांचं प्रवचन फार लांबतं.

सेमिसी कामावर घसरला म्हणतोस. असेल.

आपल्याकडे भाऊ बहिणीसमोर वाईट शब्द काढत नाही, बहिणीच्या अंथरुणावर बसत नाही आणि बहिणीशी खोटं बोलत नाही. पहिल्या दोन गोष्टी तू जन्मात केल्या नाहीस. तिसरीही करणार नाहीस. म्हणून तुझं पत्र मी शब्दन् शब्द खरं धरलंय. बाबांच्या अंत्यविधीला तू आला नाहीस, तेव्हा गावात कुजबुज झाली होती. मी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "त्याला रजा मिळाली नाही. माझा भाऊ आहे तो." त्यापुढे कुणाची बोलायची हिंमत झाली नाही. आपल्या घरातलं माणूस असं आहे हे मी मान वर करून सांगते आणि सांगत राहीन.

चटईची काळजी तू करू नकोस. मी रोज विणतेय. केवड्याच्या पानांच्या इतक्या बारीक पट्ट्या या बेटावर दुसरं कुणी काढत नाही. हे मी नाही म्हणत, परवा बायकांच्या बैठकीत म्हणाले. मी काही त्यांना अडवलं नाही.

औकुसोकाकांना काही बोलले नाही. त्यांना शंका नाहीत.

आकेनेसे

*

ऑकलंड
१६ एप्रिल २०१७, ईस्टर

ताई,

तुझं पत्र दोन आठवडे खिशात घालून हिंडतोय. 'शब्दन् शब्द खरं धरलंय' या ओळीने मला झोपू दिलं नाही. तुझ्या तोंडावर हे मला कधीच सांगता आलं नसतं. कागदावरही हात अडतोय, पण सांगतो.

नवीन काम वगैरे काही नाही. हे दारू सोडवायचं घर आहे आणि मला इथे कोर्टाने पाठवलंय.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी बारशाच्या जेवणातून मी सेमिसीला घरी सोडायला निघालो. सकाळपासून पीत होतो. तो दोनदा म्हणाला, "पेसा, चावी इकडे दे." मी म्हटलं, "तू मला शिकवणार?" पुढच्या वळणावर गाडी भिंतीवर घातली. मला खरचटलंसुद्धा नाही. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. पिऊन गाडी चालवताना पकडलं जायची ही माझी तिसरी वेळ.

इथल्या एका कोर्टाची रीत वेगळी आहे. गुन्हा कबूल करायचा, मग शिक्षा लगेच देत नाहीत. सोळा महिने दारू सोडायला लावतात. सारख्या लघवीच्या तपासण्या आणि दर पंधरा दिवसांनी न्यायाधीशबाईंसमोर उभं राहायचं. पंधरवडा कोरडा गेला तर सगळं कोर्ट टाळ्या वाजवतं. पहिल्यांदा वाजल्या तेव्हा मला वाटलं माझी टिंगल चाललीय. शेवटपर्यंत टिकलो तर तुरुंग टळेल. नाहीतर अडीच वर्षं.

इथे मारामा नावाच्या माओरी बाई आहेत, डोळे वटारण्यात तुझ्याच तोडीच्या. त्यांनी भिंतीवर मोठा कागद लावला आणि म्हणाल्या, "तीन रेघा काढ. एकीवर तुझ्यावर काय काय आलं ते. दुसरीवर किती प्यायलास. तिसरीवर पोलीस." मी काढल्या. चौदा साली मांसाचा कारखाना बंद पडला, एकोणीस वर्षं मी एकाच जागी उभा होतो. तेव्हा शुक्रवारची दारू रोजची झाली. पंधरा साली तेपोराचं सात महिन्यांचं बाळ पोटातच गेलं, मुलगी होती. तेव्हा मी सकाळी प्यायला लागलो आणि त्याच महिन्यात पोलिसांनी पहिल्यांदा पकडलं. मग बाबा गेले. तिन्ही रेघा एकमेकींचा हात धरल्यासारख्या वर चढत गेल्या. मी आजवर म्हणायचो, पितात सगळेच, पोलिसांचा डोळा माझ्यावरच. त्या कागदापुढे ते म्हणायला जीभ वळेना.

आता सगळ्यात कठीण. बाबांच्या वेळी मला रजा होती. तिकीटही होतं. विमानतळावर जाताना पकडला गेलो. तुम्ही बाबांना मातीत ठेवत होतात तेव्हा मी कोठडीत बसलो होतो. आणि तू माझ्यासाठी सगळ्यांसमोर उभी राहिलीस.

एकच मागणं आहे. डिसेंबरपर्यंत गप्प राहा. बाबांचा मान एकदा अंगावर आला की मी सरळ होईन, माझी खात्री आहे. काकांना कळलं तर तो गेला, आणि मीही गेलो.

पेसा

*

वाइतोआ
८ मे २०१७

पेसा,

पत्र वाचलं, घडी घातली, समुद्रापर्यंत चालत गेले, परत आले आणि पुन्हा वाचलं.

बाळाचं मला का नाही सांगितलंस? फोनवर तू म्हणाला होतास, तेपोराला सर्दी झालीय. सर्दी! मी तुम्हाला लिंबाच्या पानांचा काढा सांगत बसले. मुलगी होती म्हणतोस. तिला नाव ठेवलं होतं का? ते मला कळव. आपल्या घरातलं माणूस बिननावाचं जाणार नाही.

बाबांच्या बाबतीत जे केलंस त्याचा मला राग आहे आणि तो लवकर जाणार नाही. लाज वाटते का विचारशील, तर वाटते. पण मेल्या, अभिमानही वाटतो, कारण हे तू स्वतःच्या हाताने लिहिलंस. बाबांना एवढं लिहिता आलं नसतं. मलाही आलं नसतं.

आता तुझ्या त्या कागदाचं. त्यावर तुझा कारखाना आहे, तुझं बाळ आहे, तुझे बाबा आहेत. सगळं तुझ्यावर आलेलं. सेमिसीचा पाय कुठल्या रेघेवर आहे रे? तुझ्यामुळे दुसऱ्यावर काय आलं त्याची रेघ राहिलीच. मारामाबाईंना सांग, तुमचा कागद अपुरा आहे. चौथी काढ आणि मग बघ त्याच्याकडे.

सेमिसीच्या घरच्यांचं माझ्यावर सोड. डिसेंबरचं डिसेंबरात बघू. गप्प राहा म्हणालास, राहते. मला किती गप्प राहता येतं याची तुला कल्पना नाही.

आकेनेसे

*

ऑकलंड
११ जून २०१७

ताई,

तिचं नाव सिनालेई ठेवणार होतो.

चौथी रेघ काढली. सेमिसी, त्याचा पाय, त्याची नोकरी, त्याची मालेउताची आई. मग त्या रेघेने मला सोडलंच नाही. मी विचार केला, बाबा नाहीत, काकांना माहीत नाही, ताई तोंड मिटून बसलीय. म्हणजे आमच्या घराण्यातर्फे इफोगा झालेलाच नाही. सात महिने ती माणसं वाट बघताहेत, की यांच्यातला कुणीतरी आमच्या अंगणात येऊन डोक्यावरून चटई घेऊन मान खाली घालून बसेल.  म्हटलं, कुणी नाही तर मी.

गेल्या रविवारी उजाडायच्या सुमाराला इथून कुणाला न सांगता निघालो. चटई कुठून आणणार? पलंगावरचं निळं ब्लँकेट घेतलं, त्याच्या कोपऱ्यावर या घराचा शिक्का आहे. लाकडंही न्यावी लागतात ना, 'आम्हाला भाजून खा, आमची हरकत नाही' म्हणून. पेट्रोल पंपावर शेकोटीच्या लाकडांची प्लास्टिकची पिशवी मिळाली, ती घेतली. सेमिसी मांगेरेला मामाकडे राहतो. त्यांच्या अंगणात जाऊन ब्लँकेट डोक्यावरून घेतलं आणि बसलो.

मामा बाहेर आला आणि असा ओरडला की गल्ली जागी झाली. "आम्ही एकदा दिलेला शब्द पुरला नाही का तुला? पुन्हा येऊन बसतोस म्हणजे पहिला खोटा होता? आणि हे काय, विकतचं लाकूड! घराण्यातलं एक माणूस बरोबर नाही! परत ढोसून आलास?" मी म्हटलं, कसला शब्द? कुणी दिला? मला काही कळेना. तेवढ्यात सेमिसी कुबड्यांवर उड्या मारत आला. म्हणाला, "पेसा, ऊठ. शेजारी बघतायत. तुझ्या बहिणीला विचार."

ताई, काय विचारू?

परत आलो तेव्हा इथे माझा शोध चालला होता. तपासणीत एक थेंब निघाला नाही, पण परवानगीशिवाय पाच तास बाहेर होतो, आणि गेलो कुठे, तर ज्याला जखमी केलं त्याच्याच घरी. तिथे जायला कोर्टाची सक्त मनाई होती. सव्वीस तारखेला न्यायाधीशबाईंसमोर उभं करतील. मारामाबाई म्हणाल्या, "तयारी ठेव. काढून टाकतील अशी शक्यता आहे." काढलं तर सरळ तुरुंग, आणि मग डिसेंबरही संपला, मानही संपला.

मी प्यायलेला नव्हतो. एवढं तरी तू खरं धर.

पेसा

*

वाइतोआ
१८ जून २०१७

पेसा,

हे पत्र पाळकांच्या मेहुण्याबरोबर विमानाने पाठवतेय, पोस्टाच्या भरवशावर नाही.

इफोगा झाला आहे. अपघातानंतर आठव्या दिवशी झाला. आपल्याला बातमी दुसऱ्याच दिवशी मालेउताहून आली होती. त्यासाठी तुझ्या पत्राची गरज नव्हती.

काका म्हणाले, जायला तर हवंच, पण चटईखाली बसणार कोण? मताई बसतो, आणि आपल्या घराचा मान रिकामा. काका घराण्यातर्फे बोलणारे, ते बाहेर उभे राहणार. मी म्हटलं, मी बसते. कुणीतरी म्हणालं, घरची लेक अशी बसते का? मी म्हटलं, घरची लेक म्हणूनच बसते. उजाडता उजाडता आम्ही लागीच्या अंगणात पोचलो. लागी म्हणजे सेमिसीची आई, माझ्याबरोबर विणायला शिकलेली. मागे घराण्यातली बावीस माणसं, पुढे चुलीची लाकडं, दगड आणि पानं, आणि मध्ये मी. डोक्यावर तीच चटई, तुझ्या मानासाठी तीन वर्षं विणत होते ती. शेवटचा काठ मी आदल्या दिवशी बसून पुरा केला.

तीन तास ती बाहेर आली नाही. ऊन चढलं. विणीतून उजेड आत येत होता आणि एका जागी माझीच एक चूक दिसत होती, पट्टी सुटलेली. ती इतके दिवस मला दिसली नव्हती.  घरातून भांड्यांचे आवाज येत होते, म्हणजे ती मुद्दाम कामं करत होती. बरोबर केलं तिने. माझ्या मुलाचा पाय मोडला असता तर मी सहा तास बसवलं असतं. मग ती आली, स्वतःच्या हाताने चटई उचलली आणि म्हणाली, "आकेनेसे, ऊठ. कोको निवतोय."

चटई तिथेच ठेवून आलो. काय सुंदर होती रे!  आता विणतेय ती दुसरी, हातभरसुद्धा झालेली नाही.

चटई उचलली की त्या गोष्टीचा उच्चार कुणी करायचा नाही, ही आपली रीत, म्हणून मी बोलले नाही. असं मी स्वतःला सांगत होते. खरं वेगळं आहे. काकांना तुझा मान काढून दुसऱ्या कुणाला द्यायचा होता. मी म्हटलं, थांबा, माझा भाऊ आपणहून मला सांगेल, तोवर कुणी काही ठरवायचं नाही. मी तुझ्या पत्राची वाट बघत होते. आणि तू सांगितलंस! त्याच दिवशी मी बोलायला हवं होतं. पण मनात आलं, मी तीन तास बसले, आता हा बसू दे थोडा जळत. वर चौथी रेघ काढ म्हणून डिवचलं. तुला त्या अंगणात माझ्या घमेंडीने नेऊन बसवलंय, ब्लँकेटसकट.

विकतचं लाकूड मात्र सर्वस्वी तुझं.

मी आणि काका शनिवारी विमानाने निघतोय. कोर्टात बसायला पाय झाकलेले लागतात का ते मारामाबाईंना विचार. मी माझा निळा पोशाख आणते.

आकेनेसे

*

ऑकलंड
९ जुलै २०१७

ताई,

तू गेल्यापासून या घरात तुझ्याशिवाय विषय नाही. मारामाबाई म्हणतात, तुमच्या बहिणीला इथे नोकरी देऊ या, अर्धे लोक भीतीने सुधारतील.

तुला माहीत नाही मला त्या दिवशी काय वाटत होतं. वकील मला म्हणाला होता, खाली बघून उभा राहा. मी खाली बघत होतो. बाईंनी विचारलं, "तुम्ही भावाच्या बाजूने बोलणार आहात?" आणि तू म्हणालीस, "नाही. मी माझी चूक सांगायला समुद्र ओलांडून आलेय. त्याची त्याला सांगता येते." तेव्हा मी वर बघितलं. दुभाष्याने इफोगाला नुसतं 'माफी' म्हटलं तर तू त्याला भर कोर्टात झापलंस, "माफी तोंडाने मागतात. नीट सांग त्यांना, लाकडांपासून सांग." आणि त्याने लाकडांपासून सांगितलं! न्यायाधीशबाईंनी लिहिणं थांबवलं. तो लागीच्या कोकोपर्यंत आला तेव्हा पाठीमागे कुणीतरी नाक ओढलं. काका असावेत.

मग सेमिसी उठला. मला वाटलं संपलं. तो म्हणाला, "मी याला सात वर्षं ओळखतो. रविवारी सकाळी शुद्धीत असलेला त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला." सगळे हसले, बाईसुद्धा. काढून टाकलं नाही. चार महिने मागे ढकललं, पहिल्या पायरीपासून पुन्हा. बाई मला म्हणाल्या, "तुम्हाला परवानगी मागायची सवय नाही. ती लावून घ्या." बरोबर आहे त्यांचं.

आता दुसरं. मी औकुसोकाकांना पत्र टाकलंय, तुला न विचारता. म्हणजे सवय अजून लागलेली नाही. त्यात लिहिलंय, बाबांचा मान मला नको, तो आकेनेसेला द्या. ताई, मला वाटायचं मान अंगावर आला की मी सरळ होईन. बाबांचा मान म्हणजे काय माझी कुबडी आहे? ज्या सकाळी आपल्या घराला मताई हवा होता, त्या सकाळी तिथे कोण होतं? मी पुन्हा कोठडीत होतो. तू चटईखाली होतीस. मान त्याच दिवशी तुझ्या डोक्यावर गेलाय, लोकांना फक्त कळवायचं राहिलंय.

हे लिहिताना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. लहानपणापासून मला ते हवं होतं. पण टपालपेटीत टाकून परत येताना मी मान वर करून चालत होतो, आणि प्यावंसं वाटलं नाही.

ओरडायचं तेवढं ओरड.

पेसा

*

वाइतोआ
३ सप्टेंबर २०१७

पेसामिनो,

तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा? मी बाजारातून आले तर घर माणसांनी भरलेलं, आणि काका चष्मा लावून तुझं पत्र मोठ्याने वाचतायत. मला आधी कळलं असतं तर मी ते पत्र चुलीत घातलं असतं.

वाचून झाल्यावर काकांनी पत्राची घडी घातली.   मग आपला चुलतभाऊ तालो म्हणाला, "भाऊ जिवंत असताना बहिणीला देतात का कधी?" काका म्हणाले, "भाऊ जिवंत आहे म्हणूनच देतोय. पत्र त्याचंच आहे. तुला कधी असं एक पत्र लिहायला जमलं तर तुझंही वाचू." 

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नाही म्हणणार होते. अगदी ओठावर होतं. पण मला आठवलं, त्या अंगणात बसताना मी कुणाला विचारलं नव्हतं, बसते म्हणाले होते. तर आताही म्हणाले, घेते.

डिसेंबरात मी मताई होणार. आपल्या घराण्यातली पहिली बाई. रडू आलं, आणि ते लपवलं नाही. तुझा अभिमान वाटतो हे मी तालोसमोर बोलले, काकांसमोर बोलले आणि आता लिहून देतेय, म्हणजे पुढे नाकारता येणार नाही. हातात येणारी गोष्ट तू शुद्धीत राहून सोडलीस. बाटली सोडण्याइतकंच अवघड आहे ते.

पण फार हुरळू नकोस. मताई झाल्यावरचा माझा पहिला हुकूम ऐकून ठेव. कोर्टातून मोकळा झालास की घरी यायचं. आल्या दिवसापासून चूल तू पेटवायचीस, तारोचे कंद तू सोलायचे, आणि मताईचं ताट वाढून माझ्यासमोर तू आणून ठेवायचंस, हात धुवायच्या पाण्यासकट. अठरा-वीस वर्षांची पोरं हे काम करतात. त्यांच्या रांगेत तू चाळीस वर्षांचा उभा राहणार. गाव हसेल. हसू दे. आपल्याकडे मानाच्या जागेला जायची वाट चुलीवरूनच जाते आणि तू ती चुकवून वर चढायला बघत होतास.

तेपोराला मी वेगळं पत्र लिहिलंय. काय लिहिलं ते विचारायचं नाही. सिनालेईचं नाव बाबांच्या थडग्याशेजारी दगडावर घातलंय.

आकेनेसे

*

ऑकलंड
१४ ऑक्टोबर २०१८

माननीय मताई, म्हणजे ताई,

शुक्रवारी कोर्टातला शेवटचा दिवस झाला. वीस महिने. तुरुंग नाही, आता फक्त देखरेख, आणि घरी यायची परवानगी मिळाली. या वेळी रीतसर मागून घेतली. सेमिसी काठीवर आला होता, मामासुद्धा आला होता, आणि सगळ्यात मागच्या बाकावर तेपोरा बसली होती. काही बोलली नाही. पण ब्रिस्बेनहून आली.

न्यायाधीशबाईंनी मला पुढे बोलावलं. त्या सगळ्यांनाच विचारतात, आता पुढे काय करणार? माझ्या आधीचा म्हणाला, ट्रक चालवणार. एक बाई म्हणाली, नर्सिंग शिकणार. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "गावी जाऊन बहिणीचं ताट वाढणार."

 मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. बाई वकिलाकडे वळून म्हणाल्या, "किती नम्र झालाय हा माणूस." सगळ्यांनी माना डोलावल्या.

ताई, त्यांना काही कळलं नाही. मी फुशारकी मारत होतो.

पेसा